बाबांच्या घागरीतली बियर

सिंधूताईंचा राग खापरखेड्याच्या अख्ख्या कॉलनीला ठाऊक होता. दूधवाला पाणी घालायचा ते शेजारच्या क्वार्टरात, यांच्या दारात त्याची छाती होत नसे. पण चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात बाई जशा पेटल्या, तशा आधी कधी पेटल्या नव्हत्या.

कारण नवरा. दुसरं कोण असणार! आनंदराव वीजकेंद्रात फिटर. साहेबांनी त्यांना सहा महिने चेकोस्लोव्हाकियात ट्रेनिंगला पाठवलं. माणूस चहा पिणारा गेला अन् बियरचा पंडित होऊन परत आला. बायकोसाठी आणलं काय, तर स्वेटरात गुंडाळून एक जाडजूड काचेचा मग! शहरातल्या सदर भागातल्या बारमध्ये जाऊन यायचे आणि घरात तणतणायचे, "बियरमधी बर्फ टाकून देते वं! अन् गोड कशी! शरबत पिऊन राहिलो का मी? तिकडची पहिले कडू लागे, मंग मागून भाजल्या पोळीसारखी चव ये."

"मले नका सांगू," सिंधूताई म्हणायच्या. "बाहेर काय ढोसायचं ते ढोसा. माह्या घरात थेंब आला तर पाहा."

त्यांनी हे उगाच म्हटलं नव्हतं. त्यांचे वडील कवडू सावनेरकडच्या कोळसाखाणीत होते. हातभट्टीनं खाल्लं त्यांना. घरातली ज्वारी दारूपायी जायची आणि मायलेकी थंड चुलीपुढे बसून राहायच्या. शेवटी पोट फुगलं, खाटेवर पडले, तरी मागणं तेच. कोवळी सिंधू पाण्याचा गिलास घेऊन गेली, "बाबा, पाणी पी." त्यांनी हाताच्या फटक्यानं गिलास उडवला. त्याच दुपारी गेले, पाणी न पिताच.

भाऊ नव्हता. म्हणून दर अक्षय्यतृतीयेला बाबांच्या नावाची घागर सिंधूताईच पुजायच्या. कोरी मातीची घागर, काठोकाठ गार पाणी, पुढे आंबा आणि जेवणाचं ताट. मनातल्या मनात शिव्या देत पुजायच्या, पण चुकवायच्या नाहीत.

त्या वर्षी घागर आणून, फडक्यात गुंडाळून पलंगाखाली ठेवली आणि त्या आजारी आईजवळ पंधरा दिवस राहायला सावनेरला गेल्या. झालं! आनंदरावांना रान मोकळं. बियर घरीच करायची! जव भिजवून मोड आणले, गच्चीवर वाळवले, भरडले, बाईंच्या पितळी गंजात उकळले. कडूपणाला काडेचिराईत, फसफसायला बेकरीतलं खमीर. आता ठेवायचं कशात? या उन्हात गंजात ते नासणार, मातीच्या भांड्यात गार राहणार. प्यायचा माठ जुना, त्याला शेवाळाचा वास. पलंगाखाली पाहतात तर कोरी करकरीत घागर! अरे, ही इथं जपून काहून ठेवली, एवढा तरी विचार करावा ना माणसानं? नाही. भांडं दिसलं, भरलं. ओलं पोतं गुंडाळून न्हाणीत ठेवलं.

सिंधूताई आदल्या रात्री उशिरा परतल्या. तृतीयेच्या सकाळी बाबांचं ताट वाढून त्यांनी पलंगाखाली हात घातला. घागर नाही. शोधत न्हाणीत आल्या, झाकण काढलं तर वर पांढरा फेस. वास वाईट नव्हता, ताज्या भाकरीसारखा होता. त्याचाच त्यांना जास्त संताप आला.

"अजी! हे काय होय?"

आनंदराव हसतच आले. "अवं, दारू नाही होय हे. बियर होय. जवाचं पाणी समज."

"बाबाची घागर होती ते!"

आनंदराव चपला शोधू लागले. "मले काय माहीत? दुसरी आणतो ना मी. आत्ता आणतो."

"दुसरी आणतो म्हणे!" बाईंनी ती घागर उचलली आणि देवघरापुढे बाबांच्या ताटाजवळ दाणकन ठेवली. पुरणपोळीवर फेस उडाला. "ये बाबा, बस. तुह्या जावयानं केली. आमची ज्वारी पिऊन भागलं नाही ना तुहं? आता याचे जव पी! मी मेली पाणी घेऊन उभी होती, ते तुले नाही पाहिजे होतं. घे आता!"

आवाज कॉलनीभर गेला. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि त्या पुसतही नव्हत्या. इतकी वर्षं बाई दारूवर रागावल्यात असंच आनंदरावांना वाटायचं. त्यांनी गुपचूप घागर उचलली, मागच्या नालीत रिकामी केली, तिथंच फोडली आणि आत येऊन उभे राहिले.

"चुकलं वं माह्यं."

"चुकलं म्हटल्यानं काय होते? बाबा काय तसाच उपाशी जाईल?"

बाईंनी फडताळातला तो मग ओढून काढला. राखेनं खसाखसा घासला, धुतला, माठातल्या पाण्यानं काठोकाठ भरला. ताट बदलून वाढलं आणि मग त्यापुढे ठेवला. एक थेंब सांडू दिला नाही.

"पाणीच होय बाबा," त्या रागानंच म्हणाल्या. "आता तरी पी."