न्हाणीचं दार

आमच्या पिंगळीच्या घरात पुरुषांना न्हाणीची गरज नव्हती. वडील आणि भाऊ आडावर, चारचौघांसमोर, घागरीवर घागरी ओतून घेत आणि वर मोठ्यानं स्तोत्र म्हणत, म्हणजे रस्त्यावरून जाणाऱ्यालाही कळावं की गुरुजींची आंघोळ चालली आहे. आई पहाटे स्वयंपाकघरातल्या मोरीत उरकायची. प्रश्न होता तो महिन्यातल्या एकाच आंघोळीचा. तीन दिवस ती गोठ्याशेजारच्या पडवीत बाहेर बसायची आणि चौथ्या दिवशी डोक्यावरून न्हाल्याखेरीज तिला घरात पाऊल टाकता येत नसे. मोरी घरात, आणि मोरीच्या वाटेवर चूल आणि देव. म्हणून परसात, रस्त्याच्या अंगाला, तुरीच्या वाळक्या तुराट्यांचा एक आडोसा उभा केलेला होता. आत एक दगड. तिनं घागरीला हात लावायचा नाही, म्हणून पाणी ओतायचं काम माझं. मी तेव्हा अकरा-बारा वर्षांची असेन.

आडोसा पायी चालणाऱ्यापुरता ठीक होता. पण पहाटेच्या गाडीला लोक बैलगाडीतून स्टेशनावर जायचे. एका चौथ्या दिवशी एक गाडी आमच्या परसाशी येऊन थांबली. बैल अडले होते की अडवले होते, देव जाणे. गाडीत उभा राहिलेला माणूस आडोशाच्या वरून आत बघत होता. नजर चुकवली नाही त्यानं. आईनं ओलं लुगडं तसंच अंगाभोवती ओढलं आणि खाली मान घालून बसून राहिली. मी घागर हातात धरून उभी. शेवटी गाडी गेली.

त्या दिवशी आई कोणाशी बोलली नाही. वडिलांनी मला विचारलं तेव्हा मी एवढंच म्हणाले, "गाडीतला माणूस बघत होता." वडिलांचा चेहरा पडला. संध्याकाळी त्यांनी माझी पाटी मागून घेतली आणि न्हाणीचा तखमिना करायला बसले. तखमिना म्हणजे खर्चाचा अंदाज. सरकारी शाळेत उर्दूतून हिशेब शिकवून शिकवून त्यांच्या तोंडी घरीही तेच शब्द यायचे.

पहिला तखमिना झकास होता. परसाच्या लांबच्या कोपऱ्यात, चार भिंतींची, स्वतंत्र न्हाणी. चुन्याचं बांधकाम, खाली शहाबादी फरशी, वर पत्रा, सागवानी दार. वडिलांनी अंगणात खडूनं चौकोन काढून दाखवला आणि आईला त्यात बसून बघायला सांगितलं. ती हसून आत गेली. पण जाताना चौकोन पुसला जाऊ नये म्हणून वळसा घालून गेली, हे मी पाहिलं. इतकं खूश तिला मी क्वचितच पाहिलं असेल.

लढाईचे दिवस होते. पत्रा मिळेना, आणि मिळाला तरी परभणीचा दुकानदार जो भाव सांगे तो ऐकून वडील नुसतेच परत येत. पत्रा पाटीवरून पुसला गेला. मग सागवान गेलं, बाभळ आली. मग फरशी अर्धी झाली, नुसती बसायच्या जागेपुरती. दर पगाराला वडील पाटी घेऊन बसत आणि उठताना न्हाणी थोडी लहान झालेली असे. आई विचारायची, "झालं का तुमचं?" वडील म्हणायचे, "होईल, होईल." बाहेर बसायची वेळ आली की आई आडोशाच्या वर जुनं पोतं बांधायला सांगायची. वाऱ्यानं ते उडून जायचं.

शेवटी पिंगळीचाच एक गवंडी आला. त्यानं परस बघितलं, पाटी बघितली, आणि लांबचा कोपरा एका वाक्यात निकालात काढला.

"गुर्जी, चार भिताडं कशाला? ह्या सैपाकघराच्या मागल्या भिताडाला चिकटून घ्या की. एक भिताड फुकट. आन् दार बी आतूनच पाडू. चुलीवरचं ऊन पाणी हातावर येतंय, थंडीत लय आराम."

वडिलांना एकदम पटलं. एक भिंत वाचली, दाराची फळी वाचली, गरम पाणी हाताशी. पडद्यावर भागणार. त्यांनी पाटीवर बेरीज केली आणि मला म्हणाले, "बघ, याला म्हणतात हिशेब." छपराला त्या आडोशाच्याच तुराट्या घ्यायच्या आणि त्याचे खांब चौकटीला लावायचे, हेही तिथल्या तिथं ठरलं. आता आडोसा ठेवून करायचं काय?

ज्या दिवशी गवंड्यानं पहार उचलली, त्या दिवशी आई पडवीत बाहेर बसलेली. तिथून सगळं दिसत होतं. स्वयंपाकघराच्या भिंतीतून माती गळताना दिसली तशी ती उठून उभी राहिली. मला हाक मारली, पण जवळ येऊ दिलं नाही.

"जा, त्यांना सांग, दार बाहेरून ठेवा म्हणावं."

मी गेले. वडील, गवंडी आणि त्याचे दोन गडी तिथं उभे होते. मी निरोप सांगितला.

"का म्हणून?" वडिलांनी विचारलं.

कारण मला ठाऊक होतं. पण आमच्या घरातली दोन मोठी माणसं जे आपसांतसुद्धा उच्चारत नव्हती, ते मी तीन परक्या पुरुषांसमोर कुठून उच्चारणार? मी म्हणाले, "माहीत न्हाई. सांगितलं तेवढं सांगितलं."

वडील हसले. "तिला म्हणावं, ऊन पाणी हातावर मिळंल. काळजी करू नको."

मी परत गेले. आईनं ऐकून घेतलं. पुन्हा निरोप पाठवला नाही. पाठवणार तरी काय? शब्दच नव्हते, आणि असले तरी ते माझ्या तोंडून जायचे नव्हते. ती भिंतीला टेकून खाली बसली आणि पहारीचे घाव ऐकत राहिली. मला तेव्हा गवंड्याचा राग आला. आज येत नाही. त्याला कोणी सांगितलं होतं न्हाणी कशासाठी बांधायची ते? वडिलांनी त्याला फक्त मापं सांगितली होती.

चौथ्या दिवशी न्हाणीच्या भिंती उभ्या होत्या, चुना ओला होता, आणि आडोशाच्या जागी नुसता दगड उरला होता. आई पहाटे रस्त्याकडे पाठ करून न्हाली. मी मधे चादर धरून उभी, आणि पाणी ओतायला शेजारच्या काकूंना बोलवावं लागलं. मग आई घरात आली, चूल पेटवली, आणि वडिलांना प्रथमच उघड म्हणाली, "न्हाणी छान झालीय. पण चौथ्या दिवशी मी तिथपर्यंत चुलीवरून जाऊ का देवांवरून?"

वडिलांच्या हातातला तांब्या तसाच राहिला. मुलांना हिशेब शिकवणारा माणूस, इतके महिने बेरजा करत होता, आणि जिच्यासाठी करायचं तीच बेरजेतून सुटली होती. मला त्यांची कीव आली. रागही आला. ते म्हणाले, "देव दुसरीकडं हलवू."

"कुठं? दोनच खोल्या आहेत. सासूबाईंनी बसवलेले देव मी माझ्या आंघोळीसाठी हलवू?"

"मग बाहेरून दुसरं दार पाडू. पुढच्या पगाराला."

"बरं," आई म्हणाली. पुढचा पगार आला आणि गेला. लाकूड आणखी महागलं. वडिलांनी तो विषय दोनदा काढला, मग काढेनासे झाले. आईनं तर कधीच काढला नाही. दोन काठ्या रोवून तिनं त्यांवर वडिलांचं जुनं धोतर बांधायला लावलं, आणि ते धोतर वारा आला की पोटात फुगायचं आणि खालून उघडं पडायचं.

सुरुवातीला वडील न्हाणीत जात नव्हते. आडावरच न्हायचे. पण थंडी पडली, ऊन पाणी चुलीवर तयार असायचं, आणि माणूस अवघडून तरी किती दिवस राहणार? ते आत न्हाऊ लागले. भाऊही. पाहुणे आले की कौतुक करायचे, "गुरुजी, सोय मोठी झकास केलीत." वडील मान हलवायचे.

दुसऱ्या हिवाळ्यात मी स्वतः बाहेर बसले. चौथ्या दिवशी आईनं मला उजाडायच्या आत उठवलं आणि धोतराआडच्या दगडावर बसवलं. दात वाजत होते. पलीकडून, रस्त्यावरून, माणसांचं बोलणं येत होतं. मी दोन्ही हातांनी छाती झाकून घेतली आणि आईला म्हणाले, "मला इथं नको." तिनं घागर वाकवली. तेवढ्यात भिंतीआड वडिलांच्या तांब्याचा आवाज झाला. न्हाणीचा उतार गवंड्यानं परसाकडे काढला होता आणि भिंतीतलं भोक नेमकं आमच्या दगडाशी उघडत होतं. मला रडू फुटलं.

"पाय वर घे," आई म्हणाली, "पाणी यायलंय."