अमावास्येची अदलाबदल

आमच्याकडे कारागीर अमावास्येला आपल्या हत्याराला हात लावत नाही. पांढुर्ण्यात माझं लाकडी पेट्या करायचं आणि त्यात संत्री भरून गाडीत चढवायचं काम आहे. एक टिनाचं शेड आणि नऊ माणसं. माझी बायको त्याला कंपनी म्हणायची आणि मी हसायचो. ऐन हंगामातही अमावास्येचा दिवस आमचा रिकामा जायचा.

एका हंगामात आमचा खिळे ठोकणारा बोरगावचा मिस्त्री तापानं पडला. पाच दिवस आला नाही. पट्ट्या कापलेल्या, संत्री छाटलेली, म्हणजे लहानमोठी निवडून ठेवलेली, आणि पेटी एक होईना. शेवटी गाडीवर माल चढवणाऱ्यानं ठोकून पाहिलं. त्याच्या पेट्या उचलल्याबरोबर तळातून सुटल्या. संत्री रस्त्यावर घरंगळत गेली, येणारेजाणारे पिशव्या भरून राहिले आणि मी उभा राहून शिव्या देऊन राहिलो.

बायको म्हणाली, "एक माणूस आजारी पडला तं अख्खी कंपनी आजारी पडते का?"

"मंग काय करू? त्याचे हात कापून दुसऱ्याले लावू?"

"हात नोका कापू. परवा अमावास्या आहे. सगळ्यायले बोलवा."

तिचं म्हणणं असं, की आपल्या हत्याराला शिवायचं नाही हे खरं, पण दुसऱ्याच्या कामाला हात लावू नये असं कोणी सांगितलं? मिस्त्रीनं संत्री छाटावी, छाटणारीनं हातोडी धरावी. मिस्त्री हातोडीला शिवला नाही म्हणजे देवाचं देवाला पोचलं.

मी तिला वेडी म्हटलं. हात बसलेला माणूस हलवला की एकाच्या जागी दोन कामं बिघडतात, हे माझं मत. मिस्त्री ताप उतरून आला होता, तो तर माझ्याहून चिडला. पण बायकोला नाही म्हणायची त्याची हिंमत नव्हती. तो बायांमध्ये मांडी घालून बसला. लोधीखेड्याची छाटणारी बाई त्याच्या जागी हातोडी घेऊन बसली आणि तिथून त्यालाच शिकवू लागली.

"मिस्त्री, ते संत्र आहे, खिळा नाही. एवढं काहून दाबून राहिले?"

"तू तुहा अंगठा सांभाळ, माय."

तेवढ्यात तिनं अंगठ्यावरच ठोकली. मिस्त्री असा हसला की त्याचा राग तिथंच संपला. मला बायकोनं तिचं काम दिलं, व्यापाऱ्यांशी फोनवर बोलायचं. पहिल्याच व्यापाऱ्यानं भाव पाडला, मी त्याला जे बोललो ते इथं लिहिता येत नाही. बायकोनं मग अर्धा तास त्याची समजूत काढली आणि फोन ठेवून माझ्याकडे पाहिलं. "तुमाले लय अमावास्या लागतीन," म्हणाली.

दर अमावास्येला कामं बदलायची, असं पाच-सहा वर्षं चाललं. मग भर हंगामात तिची मूत्रपिंडं बिघडली. नागपूरच्या दवाखान्यात भरती केलं. आम्हाला लेकरू नाही. मी सकाळच्या बसनं तिच्याजवळ जायचो आणि संध्याकाळी शेडवर परत यायचो. दोन्हीकडे अर्धा होतो. डॉक्टरनं मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की दिवस थोडे आहेत. तिच्याजवळ राहावं तर हंगाम बुडेल, नऊ घरं बसतील. शेडवर राहावं तर ती एकटी जाईल. बसमध्ये मी हेच मनात घोळवत बसायचो.

एका सकाळी मिस्त्री बस स्टँडवर आला. म्हणाला, "भाऊ, आता येऊ नोका. तिथंच राहा."

"अन् गाडी कोण भरीन?"

"आमी भरतो."

मला भरवसा नव्हता. पहिल्या दिवशी मी सात वेळा फोन केला. शनिवारी केला तर छाटणारी बाई बोलली.

"मिस्त्रीले दे," मी म्हटलं.

"ते जामसावलीच्या मारुतीले गेले. मालकीणबाईच्या नावानं नारळ फोडाले."

"आज गाडी आहे ना! ठोकते कोण?"

"मी ठोकून राहिली."

"तळ बी?"

"तळ बी. आन भाऊ, राग मानू नोका, तुमचा फोन सुरू असला की व्यापाऱ्याचा लागत नाही. ठेवा."

तिनंच ठेवला. खाटेवरून बायकोनं विचारलं, "काय म्हन्ते?"

"मले फोन करू नोका म्हन्ते. व्यापारी खोळंबतात म्हन्ते."

ती इतकी हसली की नर्स धावत आली. हसणं थांबल्यावर म्हणाली, "मंग बसा ना इथं. चाळीस वर्षांत माह्याजवळ दिवसा कधी बसले?"

खरंच नव्हतो बसलो. लोक मला अजून विचारतात, तुम्ही दोघंही नसताना काम कसं चाललं? मी सांगतो, आम्ही दोघं नव्हतो म्हणता, पण ती होती, तिच्या अमावास्या होत्या. त्या हंगामात एक गाडी उशिरा गेली नाही.

त्यानंतर ती असेपर्यंत मी एकदाही पांढुर्ण्याला आलो नाही. तिला भात भरवला. तिचे केस कंबरेपर्यंत होते, ते गुंतायचे आणि तिचे हात वर जात नव्हते. मी फणी घेतली. जन्मात कोणाची वेणी घातली नव्हती. पहिली अशी झाली की शेजारच्या खाटेवरची म्हातारी म्हणाली, "बुवा, बैल बांधाचा आहे का?" मग तिनंच दाखवलं, तीन पेड कसे घ्यायचे, ओढायचं किती आणि सैल किती सोडायचं.

चार-पाच दिवसांत जमू लागलं. रोज सकाळी बायको भिंतीकडे तोंड करून बसायची आणि मी मागं. ती बोलायची, मी ऐकायचो. शेवटच्या आठवड्यात तिला बसता येईना. मग मी उशीवरच केस पसरून घालायचो, हळू, ती झोपली असली तरी घालायचो. वेळ भरपूर होता. कोणी बोलावत नव्हतं.