सगळ्यांना चालेल असं धनुष्य

हाताने घडवलेलं लाकडी धनुष्य करून घ्यायचं असेल, तर आधी स्वतःचं माप द्यावं लागतं. दोरी गालापर्यंत आणली की किती लांब ओढली जाते ते मोजतात, आणि खांदा न थरथरता किती जोर पेलतो ते बघतात. मग त्या मापाने लाकूड तासतात. एकदा तासलं की ते धनुष्य त्याच माणसाचं. मला याचं फार अप्रूप होतं. आमच्या घरात चप्पल जो आधी उठेल त्याची असायची.

आम्ही वाटूरकडचे मेंढरंवाले. घरातली पहिली पदवीधर मी, आणि आता कुंभार पिंपळगावच्या एका शाळेत शिकवते. जालन्यात कॉलेजला असताना तिरंदाजी शिकले, ती अजून सोडलेली नाही. दर रविवारी बस पकडून तिथल्याच मैदानावर जाते. तिथे सगळ्यांसाठी मिळून एक बांबूचं धनुष्य होतं. गेल्या वर्षी त्याचं पातं तडकलं आणि नेमकी त्याच वेळी पारंपरिक धनुष्याची निवड चाचणी लागली. तिथे शिकवणारे सर म्हणाले, "या वेळी तुझी निवड होईल असं मला वाटतं. पण धनुष्य स्वतःचं लागेल, आणि तुझ्या हाताचं लागेल."

पगार माझा होता. तरी घरी सांगितलं, कारण आमच्याकडे न सांगता काही घ्यायची रीत नाही. आबा, म्हणजे माझे वडील, लगेच उठले. "लाकडाचं काम हाय, मी येतो." धाकटा भाऊही निघाला.

धनुष्यं करणारे मिस्त्री जालन्याच्या बाहेर एका पत्र्याच्या शेडमध्ये बसतात. पूर्वी ते दारं-खिडक्या करायचे. त्यांनी मला उभं केलं, हात मोजला, दोन-तीन तयार धनुष्यं ओढायला लावली. तिसरं हातात आलं आणि मला कळलं. दोरी गालाला लागली तेव्हा खांद्यावर ओझं होतं, पण त्रास नव्हता. बाण नसतानाही मला समोरचं लक्ष्य दिसत होतं.

"हेच माप तुमचं, मॅडम," मिस्त्री म्हणाले. "धामणीचं लाकूड, पाठीला बांबूची पट्टी. ओढीचा जोर तीस पाउंडाच्या वर नेऊ नका."

आबांनी ते धनुष्य माझ्या हातातून घेतलं आणि तळहातावर तोललं. "हे हलकं वाटून राह्यलंय." त्यांनी ते भावाला दिलं. "ओढ रे."

भावाचे हात लांब आहेत. त्याने ओढलं, गालाच्या मागे कानापर्यंत नेलं, तसं लाकूड कुरकुरलं.

"अहो, थांबा थांबा! मोडंल ना!" मिस्त्री ओरडले. "ताईच्या मापाचं हाय ते."

"मंग मोडणारं कशाला घ्यायचं?" आबा म्हणाले. "याच्या मापानं करा. याला पुरलं म्हंजे हिलाबी पुरंल."

मिस्त्री हसले. "बाबा, ही घोंगडी न्हाई, मोठी घेतली अन् समद्यांनी पांघरली."

"आमच्यात एकट्यापुरतं कोणी करत न्हाई," आबा म्हणाले. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. दोर घ्यायचा तर लांब घ्यावा, घोंगडी घ्यायची तर मोठी घ्यावी, म्हणजे कोणाचं अडत नाही. कळपामागे सगळं आयुष्य गेलेल्या माणसाचा हा हिशेब होता, आणि धनुष्य सोडून सगळीकडे तो बरोबरच ठरला होता.

"आबा, चाचणी माझी हाय," मी म्हणाले.

"हाय ना. तू एकलीच शिकलीस का? समद्यांनी मिळून शिकलो."

 मी वसतिगृहात राहून परीक्षा देत होते तेव्हा भाऊ शाळा सोडून मेंढरांमागे गेला होता. त्याने तो विषय कधी काढला नाही, त्या दिवशीही नाही. तो फक्त म्हणाला, "अक्के, तूच वापर. मी कधीमधी घेत जाईन." त्याचा चेहरा इतका खुलला होता की त्याच्याकडे बघवेना. मी घरच्यांची उपकृत आहे, आजही आहे. पण उपकार फिटले असं आपल्याला कधीच कोणी सांगत नाही, आणि आपण विचारूही शकत नाही.

मिस्त्रींनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मग टेप घेऊन ते भावाकडे वळले.

धनुष्य देखणं झालं. आईने त्याला कुंकू लावलं. शेजारपाजारच्यांनी ओढून पाहिलं, भावाने फोटो काढून स्टेटसला ठेवला. मी रोज सकाळी शाळेआधी सराव करायचे. दोरी हनुवटीच्या पुढेच अडायची. खांद्याला शेक घेऊन वर्गात फळ्यावर लिहायचे, ते डाव्या हाताने.

रविवारी सरांनी धनुष्य हातात घेतलं, थोडंसं ओढलं आणि विचारलं, "हे कोणासाठी केलंय?"

"आमच्यासाठी, सर."

"आमच्यासाठी म्हणजे कोणासाठी?"

मी बाण काढायला वाकले.

चाचणीला सगळं घर जीप करून आलं. भाकरी, ठेचा, पाण्याचा जार, सगळं बरोबर. माझा पहिला बाण लक्ष्याच्या कडेला लागला. आबांनी टाळ्या वाजवल्या. त्यानंतर दोरी हनुवटीपर्यंतही येईना आणि बाण लक्ष्याच्या अलीकडे गवतात पडत गेले. पुढच्या फेरीसाठी नावं पुकारली, त्यात माझं नव्हतं. आई जवळ आली, पदराने माझा घाम पुसला आणि म्हणाली, "लई लांब गेले गं तुझे बाण." तिला खरंच तसं वाटत होतं.

आबा सरांजवळ गेले आणि हात जोडले. "सर, हिला न्हाई जमलं, तर पुढच्या खेपेला पोराला घेता का? धनुष्य त्याच्याच मापाचं हाय."

सर माझ्याकडे बघत राहिले. त्यांना वाटलं असेल, मी काही बोलेन.

"बघा त्याचं, सर," मी म्हणाले. "त्याचा हात चांगला आहे."

चाचणी आटोपल्यावर मैदान रिकामं झालं. सर म्हणाले, येऊ दे त्याला. भाऊ धनुष्य घेऊन रेषेवर उभा राहिला, पण दोन्ही पाय जोडून, शाळेत प्रार्थनेला उभं राहावं तसा. सगळे बघत होते. मी त्याच्याजवळ गेले आणि डावा पाय कुठे ठेवायचा ते त्याला दाखवलं.