पेशंटचा पार्ट

पहिल्या वर्षी तिचं नाव पडलं स्कॅनर. पान एकदा बघितलं की डोक्यात छापलंच! आता मेडिकलच्या तिसऱ्या वर्षात एकच पान सकाळपासून समोर उघडं, आणि डोक्यात काही म्हणजे काही शिरत नव्हतं. आईने हौसेने शिवलेला पांढरा कोट, "अंगात भरशील गं" म्हणून मुद्दाम ढगळ ठेवलेला. भरतेय कुठली! त्यात आता अजून एक स्कॅनर मावली असती.

घरी एकदा बोलून बघितलं तिने. "आई, मला नाही जमत गं हे."

"अहो डॉक्टरीणबाई, तुम्हीच असं म्हणालात तर आम्ही कुणाकडे जायचं?" आई हसली. विषय खल्लास.

मग मानसोपचार विभागात ड्यूटी लागली. तिथल्या मॅडमची पद्धतच होती, खऱ्या पेशंटला हात लावायच्या आधी आपापसात सराव. एक डॉक्टर, एक पेशंट. स्कॅनर झाली पेशंट आणि डॉक्टर कोण, तर तिची रूममेट लंबू! स्कॅनरने तिथल्या तिथे ठरवलं, आज खरंच बोलायचं. लंबूला नाही कळणार तर कुणाला?

"झोप लागते का?"

"नाही."

"जेवण?"

"घास तोंडात फिरत राहतो."

"मन कशात रमतं?"

"कशातच नाही. बरणीतल्या नमुन्यासारखं झालंय. बाहेर लेबल आहे, आत कुणी नाही."

लंबूने खाकरून शेवटचा प्रश्न विचारला. "जगणं नकोसं वाटतं?"

स्कॅनरने तिच्या डोळ्यांत बघितलं. "हो. वाटतं." आवाज फाटला, डोळे वाहायला लागले.

सगळा वर्ग बघत होता. आणि मग टाळ्या! शिट्ट्या!

"काय ॲक्टिंग करतेस गं भवाने!" लंबूने पाठीत धपाटा घातला. "मलापण रडवलंस की!"

मॅडम तर भलत्याच खूश. "एक लक्षण सोडलं नाही पोरीने. याला म्हणतात अभ्यास! उद्या दुसऱ्या बॅचलाही हिलाच पेशंट करू."

"लंबू, ऐक ना, मी खरंच..."

"बास झाली नाटकं! चल, कँटीनला पार्टी दे."

दुसऱ्या दिवशी तीच खुर्ची, तेच प्रश्न. शेवटच्या उत्तराला मॅडमनी थांबवलं. "जरा मोठ्याने बोल, मागे ऐकू जात नाहीये."

ती मोठ्याने बोलली.

पुन्हा टाळ्या. मागच्या बाकावरची एक पोरगी तेवढी वाजवत नव्हती. तिचाही कोट ढगळच होता.