चौतीस नंबरचं घर

आमच्या मल्हारगंजातल्या शेजारच्या काकांनी स्वतःच्या नसलेल्या घराची जेवढी काळजी घेतली, तेवढी अख्ख्या माळव्यात कोणी स्वतःच्या घराचीही घेतली नसेल. मध्य प्रदेश तेव्हा नवा नवा होता, राजधानी भोपाळला गेल्याचं दुःख इंदूरकरांना पचायचं होतं, आणि भंवरकुआंच्या पुढे शेतात सरकार कमी पगारवाल्यांसाठी चाळीस घरं बांधत होतं. घरं चाळीस आणि अर्जांची पोती, म्हणून वाटप चिठ्ठ्या काढून व्हायचं होतं. काका एका खोलीत काकू आणि तीन मुलींसह राहत. रिटायर व्हायला वर्ष उरलं होतं आणि नोकरी संपली की अर्ज बाद, म्हणजे ही शेवटचीच संधी. दुसरा कोणी देव पाण्यात घालून बसला असता. काकांनी घरालाच पाणी घालायला घेतलं.

चिठ्ठ्या निघायला चार महिने होते, तेव्हाच कोपऱ्यावरचं चौतीस नंबरचं घर त्यांनी आपलं ठरवून टाकलं. दर रविवारी सायकलला बादली अडकवून जायचे आणि तिथल्या हौदातलं पाणी त्या नव्या भिंतींवर मारायचे. एकदा मलाही नेलं. बघतो तर काका स्वयंपाकघराच्या खिडकीवरून गवंड्याला झापतायत आणि तो चक्क 'जी साहब, जी साहब' करतोय! मी हादरलोच.

"काका, अजून चिठ्ठी कुठे निघालीय?"

"अरे भिया, चिठ्ठी निघेल जब निघेल. तोपर्यंत भिंत काय प्यासी ठेवायची? तडकेल ना ती!"

पुढच्या रविवारी काकूंना टांग्यातून आणून त्यांनी जमिनीवर खडूने पलंग, कपाट, देवघर आखलं. "अहो, लोक हसतात," काकू म्हणाल्या खऱ्या, पण थोड्या वेळाने वाकून त्यांनी कपाट पुसलं आणि दुसऱ्या भिंतीला आखलं. बाजारात तुरी नि भट भटणीला मारी, असं गल्ली म्हणायची. गल्लीचं चुकत नव्हतं. माझाही अर्ज काकांनीच भरला. माझं लग्न जेमतेम ठरलं होतं, मला घराची घाई नव्हती. "भर तर सही, आपल्या बापाचं काय जातंय! मला शेजार चांगला नको का?"

चिठ्ठ्या एका शाळेच्या अंगणात निघाल्या. साहेब एका डब्यातून नाव काढत, दुसऱ्यातून घराचा नंबर. माझं नाव आलं तशी काकांनी मला मिठीच मारली. मग साहेबांनी दुसरी चिठ्ठी उघडली आणि वाचली, "चौंतीस."

काकांचे हात माझ्या पाठीवर तसेच राहिले. चाळीस चिठ्ठ्या संपल्या, त्यांचं नाव आलंच नाही. घर त्यांना द्या म्हणून मी साहेबांच्या अक्षरशः पाया पडलो. नियमात बसत नव्हतं. परतताना काका एवढंच म्हणाले, "पश्चिमेची भिंत जरा कच्ची आहे भिया, तिला दोन बादल्या ज्यादा मार."

वास्तुशांतीला दोघं आली. काकू आत गेल्या, काका मागे राहिले. ज्या घरात चार महिने मालकासारखे वावरले, त्याच्या उंबऱ्याबाहेर चपला काढून ते उभे राहिले आणि मला म्हणाले, "येऊ का आत?"

"काका, असं काय विचारता!" म्हणत मी त्यांना हाताला धरून आत घेतलं. पण पुढे ते होते तोवर, कधीही आले तरी आधी दारात थांबायचे आणि विचारायचे, आणि दर वेळी मला तेवढाच धक्का बसायचा.