चिठ्ठी न निघालेली माणसं

सगळा घोळ त्या बटणांच्या डब्यामुळे झाला, असं वहिनींचं ठाम मत आहे. आणि वहिनींचं मत एकदा ठाम झालं की ते हलवायला कुणी वरून उतरलं तरी उपयोग नाही.

डबा होता टेलरमास्तरांचा, घोळ होता वहिनींच्या नणंदेचा. या नणंदेला त्या भागात सगळे चौकशीबाई म्हणत, कारण उभ्या आयुष्यात त्यांनी दुसरं काही केलंच नव्हतं. एका सेवासंस्थेत त्या समाजसेविका होत्या. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या घरी जायचं, बसा म्हटल्याशिवाय बसायचं नाही, आणि बसल्यावर तीन प्रश्न विचारायचे. गरम जेवलात का? झोप लागते का? काल कुणाशी बोललात? पहिल्या दोन प्रश्नांना माणसं बिनदिक्कत खोटं बोलतात, तिसऱ्याला मात्र अडखळतात, हा बाईंचा अनुभव. कुणी म्हणे, "काल ना? काल... दूधवाल्याशी." दूधवाला परवाच येऊन गेलेला असे. मग बाई विषय बदलत, खिडकीची कडी लागते का बघत, औषधाची बाटली उजेडात धरून किती उरलंय ते बघत, आणि घटकाभराचं काम दुपारभर चालवून उठत.

लग्न त्यांनी केलं नव्हतं. भाऊ गेल्यावर घरात दोघीच उरल्या. दोघींचं एकमेकींवाचून पान हलत नसे आणि एकमेकींशी क्षणभर पटतही नसे. अशी घरं असतात, आणि ती चांगली चालतात.

मग संस्थेत नवे सेक्रेटरी आले. माणूस वाईट नव्हता, हिशेबी होता. त्यांनी बाईंना बोलावून घेतलं. "बाई, तुमची तळमळ मला दिसते. पण तळमळ ताळेबंदात कुठल्या रकान्यात लिहू? या भेटींनी नेमकं काय होतं ते कुठेतरी सिद्ध करून छापून आणा, आणि त्यासाठी निधीही बाहेरून मिळवा. नाहीतर भेटी बंद कराव्या लागतील."

झालं. जेवणाच्या टेबलावरची भाजीची टोपली खाली गेली आणि तिथे संगणक आला. बाई निधी शोधू लागल्या. एका ठिकाणी फक्त लहान मुलांसाठी पैसे होते. एका ठिकाणी अर्ज करणाराच तरुण हवा होता. एकाला अर्जाच्या वर प्राध्यापकाचं नाव लागत होतं. म्हाताऱ्यांसाठीही पैसे होते, नाही असं नाही, पण ते यंत्रांसाठी. माणूस पडला की वाजणारा पट्टा, गोळी चुकली की लुकलुकणारी डबी. माणसानं उठून माणसाकडे जावं, यासाठी कुणाकडेच रकाना नव्हता.

"तुम्ही स्वतःच एक पट्टा बांधून जा, वन्सं," वहिनी म्हणाल्या. "यंत्र म्हणून देतील पैसे."

शेवटी एक निधी मंजूर झाला. अट एकच होती. घरांचे दोन गट करायचे. एका गटाला वर्षभर भेटी द्यायच्या, दुसऱ्याकडे फिरकायचंही नाही. फक्त सुरुवातीला आणि शेवटी जाऊन प्रश्न विचारायचे. दोन्हीतला फरक म्हणजे भेटींचा गुण.

"म्हणजे निम्म्या लोकांना उपाशी ठेवून बघायचं, की जेवणाचा उपयोग होतो का," वहिनींनी सार काढलं.

"सगळ्यांच्याच भेटी कायमच्या बंद पडण्यापेक्षा निम्म्यांच्या वर्षभर थांबलेल्या बऱ्या," बाई म्हणाल्या. आवाज वहिनींपेक्षा स्वतःची समजूत घालण्याचा होता.

कोण कुठल्या गटात हे संगणकावर ठरवावं आणि एकाला दुसऱ्याचं कळू देऊ नये, असं निधीवाल्यांच्या सल्लागारानं कळवलं होतं. बाईंनी तो निव्वळ सल्ला मानला. पाठीमागे निवड करायची? इतक्या वर्षांच्या ओळखीच्या माणसांची? छे! त्यांनी सगळ्यांना संस्थेच्या हॉलमध्ये बोलावलं, चहा दिला, सगळं समजावून सांगितलं आणि म्हणाल्या, "तुमच्या डोळ्यांदेखत निम्म्या चिठ्ठ्या काढते. ज्याची निघेल त्याच्याकडे वर्षभर येईन. मागून कुणी म्हणायला नको, बाईंनी वशिला लावला."

चिठ्ठ्या टाकायला संस्थेत धड एक डबा सापडेना. तेव्हा त्या म्हाताऱ्यांतलेच टेलरमास्तर पुढे झाले. कुणाची तरी बंडी दुरुस्त करून द्यायची म्हणून ते बटणांचा डबा घेऊनच आले होते. त्यांनी बटणं रुमालात ओतली, डबा आतून सदऱ्याच्या टोकानं पुसला आणि बाईंच्या हातात दिला. एकेक चिठ्ठी निघू लागली. सिस्टरांची निघाली. या सिस्टर म्हणजे निवृत्त नर्स, ज्यांच्या आवाजाला अजून आख्खा वॉर्ड चळचळा कापला असता. मास्तरांची शेवटपर्यंत निघाली नाही.

"माझ्याच डब्यानं मला दगा दिला की हो!" मास्तर हसले. सगळे हसले. मग ते बटणं मुठीमुठीनं परत भरत बसले, आणि हॉल रिकामा झाला तरी त्यांचं भरून होईना. बाईंनी ते पाहिलं आणि पाठ फिरवली.

ते वर्ष बाईंना फार जड गेलं. सिस्टरांच्या घरी जायचा रस्ता मास्तरांच्या खिडकीखालून होता, आणि मास्तर दिवसभर त्या खिडकीशी मशीनवर बसलेले असत. त्यांनी नुसता हात वर केला असता तरी बाईंचे पाय जिन्याकडे वळले असते. पण नियम म्हणजे नियम. म्हणून बाई गॅरेजांच्या मागच्या गल्लीनं वळसा घेऊन जाऊ लागल्या. तिथल्या फरशा उखडलेल्या, बाईंचा गुडघा आधीच कुरकुरणारा. घरी आल्या की वहिनी मुकाट्यानं गरम पाण्याची पिशवी भरून द्यायच्या. मुकाट्यानं म्हणजे वहिनींच्या मानानं.

"एका म्हाताऱ्याला चुकवता चुकवता दुसरी म्हातारी लंगडी व्हायची वेळ आली."

एकदा बाई त्या पिशवीवर हात ठेवून रडल्या. "वहिनी, मास्तरांना वाटत असेल, चिठ्ठी नाही निघाली म्हणजे मी माणूसच विसरले."

वहिनींनी तेव्हा काही कोटी केली नाही. पिशवीतलं पाणी गार झालं होतं, ते बदलून आणलं.

इकडे सिस्टरांची एक नवीनच काळजी बाईंना लागली होती. सिस्टर काहीही एकदा सांगून ऐकेनात. "थांबा. पुन्हा सांगा. हळू सांगा," असं करून शब्द न् शब्द घोकून घेत. बाईंना वाटलं, बिचारीची स्मरणशक्ती उतरली. डॉक्टरांना दाखवायला हवं.

वर्ष सरलं आणि बाई शेवटचे प्रश्न घेऊन मास्तरांचा जिना चढल्या. प्रत्येक पायरीला त्यांना वाटत होतं, इथूनच परत फिरावं. दार उघडलं. खोली झाडलेली होती. मशीनसमोर एक खुर्ची मांडलेली होती, तिच्यावर उशी होती आणि ती उशी चांगलीच बसकी झाली होती.

"मास्तर, मला तीन प्रश्न..."

"थांबा, सांगतो. गरम जेवलो. झोप बरी लागते, दुपारचा चहा बंद केल्यापासून. आणि काल सिस्टरांशी बोललो."

बाई बघतच राहिल्या. "दुपारचा चहा बंद करायला कुणी सांगितलं?"

"तुम्हीच की! तुम्ही सिस्टरांकडे येऊन गेलात की दुसऱ्या दिवशी त्या इथे हजर. तुम्ही जे विचारलंत ते विचारतात, जे सांगितलंत ते सांगतात. ओरडतात तेवढं त्यांचं स्वतःचं." मास्तरांनी दोरा तोडला. "आमच्यासमोरच काढल्यात ना चिठ्ठ्या? कुणाची निघाली नाही ते सगळ्यांनी बघितलं. एकदा बघितल्यावर कसं बसवेल हो माणसाला घरी?"

बाईंनी प्रश्नांचा कागद घडी घालून पिशवीत ठेवला.

"आणि बाई, त्या गॅरेजच्या गल्लीनं जात जाऊ नका. पडाल कुठेतरी. या खोलीला मागेही एक खिडकी आहे. तुम्ही का वळता ते कळत होतं मला."

बाई त्या खुर्चीत बसल्या. आयुष्यात पहिल्यांदाच, कुणी बसा म्हणायच्या आत.

एकट्या मास्तरांचीच ही गोष्ट नव्हती. जिकडे जावं तिकडे तेच. चिठ्ठी निघालेलं कुणी ना कुणी, न निघालेल्याच्या दारात जाऊन आलेलं होतं. कुणी आठवड्याला, कुणी सवडीनं, कुणी नुसतं जिन्याखालून हाक मारून. दोन्ही गटांची उत्तरं शेजारी ठेवली तर फरक दिसेना. कागदावर अर्थ सरळ होता: भेट दिली काय, न दिली काय, सारखंच.

सेक्रेटरींनी ऐकून घेतलं आणि तोडगाही काढला. "ज्या घरांत असं झालं ती घरं गाळा. उरतील चार-दोन, ती मांडा. फरक दिसेल, निधी पुढे मिळेल, तुमच्या भेटी चालू राहतील. यात कुणाचं काय बिघडतं?"

खरंच, कुणाचं काय बिघडणार होतं? बाईंनी स्वतःला हजारदा विचारलं. घरं गाळली तर भेटी वाचतात. खरं लिहिलं तर बुडतात. शेवटी त्यांनी वहिनींना विचारलं, म्हणजे पाणी डोक्यावरून गेलं होतं.

वहिनी शेंगा सोलत होत्या. "मला तुमच्या संशोधनातलं ओ की ठो कळत नाही. पण सिस्टर वर्षभर त्या जिन्यानं गेल्या, तुमच्या नावानं गेल्या. आता तुम्ही लिहिणार, कुणी गेलंच नाही?"

बाईंनी जसं घडलं तसं लिहिलं. चिठ्ठ्या सर्वांदेखत काढण्याची चूक आपली, हेही लिहिलं.

निधीवाल्यांनी फार सभ्य भाषेत पुढच्या वर्षाला नकार कळवला. मग नियतकालिकांच्या वाऱ्या सुरू झाल्या. एका नियतकालिकानं दुसऱ्याच दिवशी अभिनंदन करून छपाईचे पैसे मागितले. "वाचल्यासारखं तरी करायचं," वहिनी म्हणाल्या. दुसऱ्यानं लिहिलं, तुलनेचा गट दूषित झाल्यामुळे लेख स्वीकारता येत नाही. ते वाचून बाई कधी नव्हे त्या भडकल्या. "दूषित? पाणी दूषित होतं, हवा दूषित होते. माणूस माणसाकडे गेला, त्यात काय दूषित झालं?" संगणकाला उत्तर देता येत नव्हतं. अखेर एका लहानशा महाविद्यालयाच्या अंकाच्या संपादिकेनं उलट एकच प्रश्न विचारला: ही माणसं कुणी सांगितलं म्हणून गेली, की आपणहून? आपणहून, असं बाईंनी कळवलं. लेख छापून आला, अगदी शेवटच्या पानांवर.

अंक हातात पडला तेव्हा भेटी बंद झालेल्या होत्या. बाईंना कचेरीत टेबल मिळालं, आणि थोड्याच दिवसांत गुडघ्यानंही संप पुकारल्यामुळे घरातली खुर्ची. अंक त्यांनी कुणालाच दाखवला नाही. खरेपणाचा आपल्याला पुळका आला आणि त्यापायी इतक्या घरांची बेल आपण बंद केली, हे त्यांच्या मनातून जाईना. मास्तरांसमोर कुठल्या तोंडानं जायचं? बाई घरातल्याच खिडकीशी बसून राहू लागल्या. वहिनींशी भांडणंही थांबली. वहिनी मुद्दाम मीठ जास्त घालून बघत, तरी नाही.

अशाच एका दुपारी बेल वाजली. वहिनींनी दार उघडलं. दारात सिस्टर, आणि त्यांच्यामागे धापा टाकत मास्तर, काखेत डबा.

सिस्टर सरळ येऊन बाईंच्या समोर बसल्या. "गरम जेवलात का?"

बाई गोंधळल्या. "हो."

"सकाळचं गार खाल्लं, तेही अर्धं," स्वयंपाकघरातून आवाज आला.

"झोप लागते का?"

"लागते की."

"रात्रभर दिवा असतो," पुन्हा आवाज.

मास्तरांनी डबा टेबलावर ठेवला. त्यात बटणं नव्हती. "आता सगळ्यांचीच नावं यात असतात, बाई. ज्यांची तेव्हा निघाली त्यांची, नाही निघाली त्यांचीही. चिठ्ठी काढतो ती फक्त पहिल्यांदा कुणाकडे जायचं ते ठरवायला. पुढे सगळ्यांकडे जातोच, उरत कुणी नाही. संस्थेला सांगितलं नाही. उगाच मोजायला बसतील."

"अहो, पण... माझ्यामुळे तर भेटी बंद झाल्या."

"कुठे बंद झाल्या?" मास्तरांना खरोखरच कळलं नाही. त्यांनी डब्यातून घडी घातलेली एक चिठ्ठी काढून बाईंच्या तळहातावर ठेवली. "आज पहिली तुमची निघाली."

बाईंनी मूठ मिटली. डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, ते त्यांनी पुसलं नाही.

"ते रडायचं नंतर," सिस्टर म्हणाल्या, पण आवाजात वॉर्ड नव्हता. "तिसरा राहिलाय. काल कुणाशी बोललात?"

"काल ना? काल..." बाई अडखळल्या. दूधवाला त्यांच्या ओठावर आला होता. त्यांनी तो मागे ढकलला. "काल कुणाशीच नाही बोलले. बरेच दिवस झाले."

स्वयंपाकघरातून उत्तर आलं नाही. वहिनी पदराला हात पुसत बाहेर आल्या, एक खुर्ची ओढून नणंदेच्या शेजारी ठेवली आणि तिच्यावर बसल्या.