कॉर्नेलिया की सरस्वती

डब्लिनला उतरले तेव्हा २०२०चा ऑक्टोबर होता. नातीला बघायला एवढ्या लांब आले, आणि कॉर्कजवळच्या लेकीच्या घरात पाऊल टाकताच मला माडीवरच्या खोलीत कोंडलं. चौदा दिवस! नियमच तसा होता म्हणे. बारा दिवसांची नात खाली रडतेय आणि मी वर. असा संताप झाला म्हणून सांगू!

खिडकीतून ओली हिरवळ आणि करडं आभाळ, बाकी काही नाही. माझे जावई निखिल रिंगास्किडीच्या एका औषध कारखान्यात आहेत. त्या दिवसांत ते घरूनच काम करायचे आणि फावल्या वेळात रोमन इतिहास ऐकायचे. दाराबाहेर सोडा ब्रेड (यीस्ट न घालता केलेला जाड पाव) आणि पिठलं ठेवायचे, वर व्याख्यान.

“आई, बाळाचं नाव कॉर्नेलिया ठेवू या. गरिबांच्या जमिनींसाठी जीव गमावलेल्या ग्रॅकस बंधूंची आई. फार थोर बाई!”

“बरं. तिच्या बहिणीचं नाव?”

“कॉर्नेलियाच. एक थोरली, एक धाकटी. बाप कॉर्नेलियस घराण्याचा ना!”

“आणि मुलगे?”

“त्यांना आपापलं नाव असायचं. टायबेरियस, गायस.”

“अहो निखिलराव, हे नाव आहे की दारावरची पाटी?” मी आतून कडाडले. “सरस्वती ठेवा. आमच्या सासूबाईंचं. मी ठरवूनच आलेय.”

मग रोज तेच. कुंपणापलीकडची म्हातारी खालून ओरडून विचारायची, “नाव ठरलं का?” नाही म्हटलं की, “ग्रँड!” (म्हणजे ‘छानच की’). डोंबलाचं छान!

पंधराव्या दिवशी धावतच खाली गेले. मुग्धा, माझी लेक, बाळाला पाजत होती. मी टेकते न टेकते तोच जावयांनी सिसेरो नावाच्या रोमन वक्त्याच्या मुलीचं नाव काढलं, तुलिया. मी लगेच सरस्वती.

“पुरे!” मुग्धा म्हणाली. “फॉर्म मी परवाच पाठवलाय. रेवा.”

“हे कुणाच्या घरातलं नाव?”

“कुणाच्याच नाही, आई. नऊ महिने माझ्या मनात होतं. तुम्ही दोघं दाराच्या दोन बाजूंनी भांडत बसलात. मला विचारलंत एकदा तरी?”



परतीच्या विमानात शेजारच्या मास्कवाल्या बाईंनी नातीचं नाव विचारलं. सांगितलं. “गोड आहे. कुणी ठेवलं?”

“तिच्या आईनं,” म्हणाले, आणि माझी मलाच लाज वाटली. रोमन बापांवर चौदा दिवस तणतणले आणि पोटच्या पोरीला विचारलं नाही. मुग्धाचं नाव सासूबाईंनी ठेवलं होतं. मला कोणतं हवं होतं, ते मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही.